मुंबईत विमान, मालवणात घर: मधल्या पाचशे किलोमीटरची आखणी

परदेशातून गावी येणारी मंडळी विमानाच्या तिकिटावर आठवडेच्या आठवडे घालवतात. दर बघतात, थांबे मोजतात, सामानाची मर्यादा तपासतात. मुंबई ते मालवण हा टप्पा मात्र ‘उतरल्यावर बघू’ म्हणून सोडून दिला जातो. सगळा त्रास नेमका तिथे होतो. रात्री दोन वाजता सहार विमानतळाबाहेर चार बॅगा आणि झोपेला आलेली मुले घेऊन ‘आता गाडी कुठून’ असा शोध सुरू होतो, आणि शेवटी मिळेल त्या दराने, मिळेल त्या चालकासोबत बारा तासांचा रस्ता धरावा लागतो.

यावर उपाय आहे, पण तो विमानाचे तिकीट काढायच्या आधी करायचा असतो. आखणी मालवणच्या टोकापासून उलटी करायची: मालवणात किती वाजता पोचायचे, त्यासाठी कुडाळला, म्हणजे मालवणसाठी सोयीच्या रेल्वे स्टेशनला, कोणती रेल्वेगाडी हवी, ती गाडी ठाणे-पनवेलला किती वाजता येते, आणि तिच्या किती तास आधी विमान टेकले पाहिजे. या क्रमाने गेलात तर दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसणारे तिकीट प्रत्यक्षात महाग कसे पडते ते लगेच कळते.

विमान टेकल्यापासून बाहेर पडेपर्यंत

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल २ वर उतरतात. धावपट्टीला चाके लागल्यापासून टॅक्सीत बसेपर्यंत दिवसा दीड तास धरा, मध्यरात्री ते पहाटे चारच्या दरम्यान दोन तास. या वेळात आखाती देश, युरोप आणि आग्नेय आशियाची विमाने एकामागून एक येतात. इमिग्रेशनची रांग लांबते, त्याहून जास्त वेळ सामानाच्या पट्ट्यावर जातो.

भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असेल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनसाठी आधी नाव नोंदवता येते. ही सोय मुंबईत जानेवारी २०२५ पासून आहे. बोटांचे ठसे एकदा दिले की पुढे ई-गेटमधून जाता येते, त्यामुळे दरवर्षी येणाऱ्यांनी हे जरूर करून ठेवावे. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या पाहुण्यांनी ई-अरायव्हल कार्ड उतरण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचे असते.

फोनची व्यवस्था निघण्याआधीच करा. परदेशातून घेतलेल्या बहुतेक पर्यटक ई-सिमवर फक्त डेटा चालतो. बँकेचा, रेल्वेचा किंवा आधारचा ओटीपी त्यावर येत नाही. जुना भारतीय नंबर रिचार्ज करून जिवंत ठेवलेला असेल आणि त्यावर रोमिंग सुरू असेल तर निम्मी कामे सोपी होतात. पन्नास-शंभरच्या नोटांमध्ये दोनेक हजार रुपये जवळ असू द्या. कुडाळला रिक्षावाल्यापुढे परदेशी कार्ड काढून उपयोग नाही.

किती तासांचे अंतर ठेवायचे

थेट विमान असेल तर विमान टेकण्याच्या छापील वेळेपासून तुम्ही जिथे गाडीत चढणार त्या स्टेशनवरील गाडीच्या वेळेपर्यंत किमान पाच तास ठेवा. वाटेत दुसरे विमान बदलायचे असेल तर आठ. हे जास्त वाटते, पण हिशेब मांडून बघा: विमान तासभर उशिरा, बाहेर पडायला दोन तास, ठाण्यापर्यंत तास, स्टेशनवर सामान चढवायला अर्धा तास. साडेचार तास इथेच संपले.

उतरण्याच्या वेळेनुसार निवड साधारण अशी बसते. खालच्या वेळा पावसाळा सोडून इतर महिन्यांच्या आहेत. तुमच्या तारखेची वेळ तिकीट काढताना पुन्हा बघा.

रात्री बारा-साडेबाराच्या आत विमान टेकत असेल तर पहाटेच्या गाड्या मिळतात. सीएसएमटीहून जनशताब्दी ५.१० ला, वंदे भारत ५.२५ ला, तेजस ५.५० ला आणि मांडवी ७.१० ला सुटते. या सगळ्या ठाण्याला साधारण पाऊण तासाने येतात. जनशताब्दी, तेजस आणि मांडवी कुडाळला थांबतात. वंदे भारत मात्र कुडाळला थांबत नाही, तिच्यासाठी कणकवलीला उतरावे लागते. वंदे भारत आणि तेजस आठवड्याचे सगळे दिवस धावत नाहीत, हे विमानाची तारीख ठरवण्याआधी पाहा.

विमान पहाटे दोन ते चारच्या मध्ये येत असेल तर मांडवीच्या मोहात पडू नका. कागदावर ती मिळते, पण विमान तासभर लांबले की धाप लागते आणि दोन तास लांबले की गाडी गेली. अशा वेळी ठाणे, डोंबिवली किंवा पनवेलला नातेवाइकांकडे नाहीतर हॉटेलात दिवसभर झोपून रात्रीची कोकणकन्या धरणे सर्वांत शहाणपणाचे. एलटीटीहून ११.४० ला सुटणारी नेत्रावती हाही पर्याय आहे. एलटीटी म्हणजे कुर्ल्याचे टर्मिनस, विमानतळापासून सर्वांत जवळचे. पण ती कुडाळला रात्रीच पोचवते. दुपारी ३.२० ची मत्स्यगंधा तर मध्यरात्रीच्या सुमारास. मुले आणि सामान बरोबर असताना ही दोन्ही टाळलेली बरी.

विमान सकाळी किंवा दुपारी उतरत असेल तर सीएसएमटीहून रात्री ११.०५ ला सुटणारी कोकणकन्या हीच गाडी. सकाळी सातच्या सुमारास कुडाळ येते आणि नाश्त्याला माणूस घरी. संध्याकाळी सात-आठला उतरणाऱ्यांनी कोकणकन्येपेक्षा दादरहून मध्यरात्री १२.०५ ला सुटणारी तुतारी घ्यावी. ती कुडाळला दुपारच्या आत पोचते. तिच्यामुळे मिळणारा तासभराचा अवकाश फार मोलाचा असतो. नऊनंतर उतरणाऱ्यांनी रात्रीच्या गाड्यांचा विचारच सोडून द्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मांडवी घ्यावी.

तारखेचा घोळ

सर्वांत जास्त तिकिटे इथे वाया जातात. तुतारीची वेळ ००.०५ आहे. म्हणजे १४ तारखेच्या रात्री जेवून स्टेशनवर जाणार असाल तर तिकीट १५ तारखेचे हवे. १४ चे काढले तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. कोकणकन्येत याच्या उलट होते. गाडी सीएसएमटीहून १४ ला रात्री सुटते, पनवेलला मात्र मध्यरात्रीनंतर, म्हणजे १५ ला येते. पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर दोन तारखा दिसतात आणि तो गोंधळतो.

विमानाच्या तिकिटाचीही तीच कथा. अमेरिकेहून १२ ला निघालेले विमान बहुधा १४ च्या पहाटे मुंबईत येते. रात्री १२.४० ला उतरणारे विमान हे नव्या तारखेचे. कागदावर एक साधी ओळ लिहा: ‘मुंबईत टेकणार: वार, तारीख, चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ’. त्याखाली ‘गाडी ठाण्याला: वार, तारीख, वेळ’. वार लिहिला की चूक लगेच डोळ्यांत भरते.

कोणत्या स्टेशनवरून चढायचे

तिकीट सीएसएमटी ते कुडाळ काढले म्हणून चढायला सीएसएमटीलाच जायला हवे असे नाही. बुकिंग करताना बोर्डिंग स्टेशन म्हणून ठाणे किंवा पनवेल निवडा. भाडे सुरुवातीच्या स्टेशनपासूनच लागते, पण जागा मुख्य कोट्यातून मिळते, आणि भाड्यातला फरक विमानतळ ते सीएसएमटी टॅक्सीच्या तुलनेत किरकोळ आहे. एक पथ्य पाळायचे: बोर्डिंग बदलले की मूळ स्टेशनवरून चढण्याचा हक्क जातो. ठाणे लिहून दादरला चढायला गेलात तर टीसी आक्षेप घेऊ शकतो.

टर्मिनल २ पासून ठाणे साधारण वीस किलोमीटर, रात्री-पहाटे पाऊण तासाचा रस्ता. पनवेल चाळीसच्या आसपास. दिवसा किंवा संध्याकाळी हेच ठाणे दीड-दोन तास खाते. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, तेव्हा ठाण्याच्या किंवा वाशीच्या नाक्याचा टोल म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

दादर मात्र मोठ्या सामानासाठी वाईट. पूल अरुंद, गर्दी अखंड. तुतारी दादरहून सुटते म्हणून दादरलाच जायची गरज नाही, तीही ठाणे आणि पनवेलला थांबते.

सामान कमी असेल आणि वेळ दिवसाची असेल तर मेट्रो ३ चा उत्तम उपयोग होतो. टर्मिनल २ चे स्वतःचे स्टेशन आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका थेट कफ परेडपर्यंत धावते. वाटेत सीएसएमटीचेही स्टेशन आहे. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते. मध्यरात्री उतरणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

रेल्वेचे तिकीट

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी हा अवधी १२० दिवसांचा होता आणि परदेशातली बरीच मंडळी अजून त्याच हिशेबात असतात. मे महिना, दिवाळी, नाताळ, शिमगा, आंगणेवाडीची जत्रा या दिवसांची तिकिटे काही मिनिटांत संपतात. गणपतीचे तर विचारूच नका. त्या दिवसांत सोडल्या जाणाऱ्या विशेष गाड्यांची घोषणा थोडी उशिरा होते. नियमित गाडीत जागा नसेल तर त्यांच्यावर लक्ष ठेवा. मात्र त्या मुख्य गाड्यांना वाट देत जातात आणि बऱ्याच उशिरा पोचतात, म्हणून त्या दिवशी पुढचे काही महत्त्वाचे काम ठेवू नका.

तत्काळवर विसंबून परदेशातून निघू नये. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आयआरसीटीसी खाते आधारने पडताळलेले लागते, आणि आधारचा ओटीपी त्याला जोडलेल्या भारतीय नंबरवर येतो. नियमित आरक्षण उघडते त्या पहिल्या दिवसाच्या ऑनलाइन बुकिंगलाही ही अट लागू झाली आहे. त्यामुळे गावातल्या भावाने किंवा पुण्यातल्या बहिणीने आपल्या पडताळलेल्या खात्यावरून तिकीट काढणे हा सरळ मार्ग. नाव मात्र पासपोर्टवर आहे तसेच घालायला सांगा. गाडीत ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट चालतो.

वेटिंगचे ई-तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिले तर आपोआप रद्द होते आणि त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. आरएसी असेल तर गाडीत बसता येते. तीस तासांच्या विमानप्रवासानंतर मात्र आरएसीच्या अर्ध्या बाकावर रात्र काढणे कठीण जाते, हे घरच्यांनी लक्षात घ्यावे.

विमान लांबले म्हणून रेल्वे पैसे परत देत नाही. चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकिटाचे पैसे गेले असेच समजा. गाडीच तीन तासांपेक्षा जास्त लांबली आणि तुम्ही चढलाच नाहीत तर टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरून पूर्ण परतावा मिळतो, पण तो गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरायचा असतो. म्हणून विमान नाजूक वेळेचे असेल तर दोन तिकिटे काढून ठेवा: सकाळच्या मांडवीचे आणि त्याच रात्रीच्या कोकणकन्येचे. मांडवीत बसल्या बसल्या दुसरे रद्द करायचे. रद्द करायला जितका उशीर तितकी कपात जास्त, तरीही ऐनवेळच्या टॅक्सीच्या भाड्यापुढे ती काहीच नाही.

सामान आणि डबा

जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत या बसून जायच्या गाड्या. वेग चांगला आहे, जनशताब्दी आणि तेजसला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबाही असतो. पण २३ किलोच्या दोन-दोन बॅगा डोक्यावरच्या रॅकवर चढवणे अवघड, आणि पायाशी जागा नाही. मोठ्या बॅगा असतील तर मांडवी, कोकणकन्या किंवा तुतारीचा शयनयान डबा घ्या आणि प्रत्येक दोन मोठ्या बॅगांमागे एक खालचा बर्थ पकडा. २८ इंची बॅग आडवी केली तरच बाकाखाली जाते. साखळी-कुलूप लावायला बाकाखाली कड्या असतात. थ्री टायर एसीत माणशी ४० किलो, टू टायरमध्ये ५० आणि फर्स्ट एसीत ७० किलोपर्यंत सामान नेता येते.

मांडवीतले जेवण खरोखर चांगले असते, तेव्हा त्या दिवशी डबा बांधून घ्यायची गरज नाही.

कुडाळला गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. कणकवली गेली की उठा. पुढचे स्टेशन सिंधुदुर्ग, त्यानंतर कुडाळ. सिंधुदुर्ग आले की सगळ्या बॅगा दाराशी हव्यात. रात्रीच्या गाडीने येताना १३९ वर डेस्टिनेशन अलर्ट लावून ठेवा.

‘सिंधुदुर्ग’ या स्टेशनच्या नावाने बाहेरची मंडळी हमखास फसतात. किल्ला मालवणात, समुद्रात आहे. स्टेशन ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ. तिथे कमी गाड्या थांबतात. मालवणला जाण्यासाठी कुडाळच सोयीचे, ते जमले नाही तर कणकवली.

गोव्याला उडून मागे येणे

वृद्ध आईवडील किंवा लहान बाळ बरोबर असेल तर हा मार्ग पैसे देण्याजोगा आहे. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मालवण अंदाजे ७५ ते ८० किलोमीटर, बांदा-सावंतवाडी-कुडाळमार्गे दोन तास. दाभोळी विमानतळ मात्र मांडवी आणि झुवारी दोन्ही नद्यांच्या पलीकडे, आणि तिथून मालवण शंभर किलोमीटरच्या बरेच पुढे जाते. तिकीट काढताना दोन्हींची नावे नुसती ‘गोवा’ म्हणून येतात. कोड बघा: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाभोळी. गावाहून गाडी एका विमानतळावर आणि माणसे दुसऱ्यावर, हे फार सहज घडते.

मुंबईचाही तसाच प्रश्न आता झाला आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून देशांतर्गत विमाने सुटतात आणि शोधताना तीही ‘मुंबई’ म्हणून दिसतात. टर्मिनल २ वर उतरून नवी मुंबईहून पुढचे विमान असेल तर मध्ये चाळीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. टर्मिनल १ वरून असेल तर तेही वेगळ्या इमारतीत, सांताक्रूझच्या बाजूला. मेट्रो ३ ने टर्मिनल २ ते टर्मिनल १ मध्ये फक्त सहार रोड हे एक स्टेशन लागते.

शक्य असेल तर परदेशातल्या शहरापासून गोव्यापर्यंत सगळे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, काढा. याची दोन कारणे आहेत. पहिले विमान लांबले तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते. आणि आंतरराष्ट्रीय तिकिटाची सामानाची मर्यादा शेवटपर्यंत चालते. वेगळे देशांतर्गत तिकीट काढले की इकॉनॉमीत बहुधा १५ किलोच चेक-इन सामान मिळते. ज्याच्याजवळ २३ किलोच्या दोन बॅगा आहेत त्याला ३१ किलोचे जादा पैसे भरावे लागतात आणि ती रक्कम कधी कधी तिकिटापेक्षा जास्त होते. वेगळेच काढावे लागले तर जादा वजन ऑनलाइन आधी विकत घ्या, काउंटरवर दर चढा असतो.

एकच पीएनआर असला तरी भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन होते, आणि बॅगा तिथेच उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात असे धरून चाला. मग त्या पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या. बॅगेवर गोव्याचा टॅग बघून पट्ट्यापाशी न थांबता निघून जाणारे पुढे गोव्यात रिकाम्या हाताने उभे राहतात. चेक-इन काउंटरवरच ‘बॅग कुठे उचलायची’ हे विचारून घ्या. दोन विमानांत चार तासांपेक्षा कमी अंतर नको, टर्मिनल बदलत असेल तर पाच.

मालवणच्या शेजारी चिपीला सिंधुदुर्ग विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला. अंतराने सर्वांत जवळचा हाच. पण इथली सेवा अनेकदा सुरू होऊन बंद पडली आहे. त्या आठवड्यात विमान प्रत्यक्ष उडते आहे का ते बघा आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाची साखळी केवळ त्यावर टांगू नका.

मोपाहून टॅक्सी घेण्याऐवजी कुडाळ किंवा मालवणची ओळखीची गाडी बोलवावी. ती पिवळ्या नंबरप्लेटची, म्हणजे परवानाधारक असेल याची खात्री करा. खासगी गाडीत भाड्याने माणसे घेतल्यावर राज्याच्या सीमेवर अडवणूक होऊ शकते.

रस्त्याने

मुंबई ते मालवण राष्ट्रीय महामार्ग ६६ ने साधारण पाचशे किलोमीटर, दहा ते बारा तास. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो, रत्नागिरीच्या पुढे सिंधुदुर्गात रस्ता उत्तम आहे. अडकतो तो इंदापूर-माणगावच्या पट्ट्यात, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर तासन्‌तास. दुसरा मार्ग पुणे-सातारा-कोल्हापूर आणि मग फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट. अंतर वाढते. पावसाळ्यात घाटात दरड पडली किंवा दुरुस्तीसाठी घाट बंद असला तर वळसा पडतो, म्हणून निघण्याच्या दिवशी चौकशी करावी.

लांबच्या विमानप्रवासानंतर स्वतः गाडी चालवू नका. जेट लॅगमध्ये दुपारी दोनला येणारी झोप चहाने जात नाही.

गावाहून गाडी बोलवत असाल तर चालकाचा विचार करा. तो मालवणहून बारा तास चालवत मुंबईत आलेला असतो, आणि रात्री दोनला तुम्हाला घेऊन लगेच परत बारा तास चालवायला लागतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास महामार्गावर त्याचा डोळा लागण्याची भीती खरी आहे. त्याला आदल्या दिवशी बोलवा, रात्रीच्या मुक्कामाचे पैसे द्या, किंवा दोन चालक मागा. तेवढे पैसे वाचवण्यासारखे नाहीत. विमानाचा क्रमांक त्याला आधीच पाठवून ठेवा, म्हणजे उशीर तोही पाहू शकतो.

खासगी स्लीपर बस संध्याकाळी बोरिवलीपासून सुटून अंधेरी, सायन, वाशी, पनवेल करत सकाळी मालवणला पोचते. थेट गावात उतरवते ही तिची मोठी सोय. मात्र चढण्याची जागा बहुधा हमरस्त्याच्या कडेला असते, बस पुढेमागे होते, आणि मोठ्या बॅगांसाठी जादा पैसे मागतात. एसटीच्या गाड्याही आहेत. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ७५ पुढच्यांना मोफत प्रवास. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ हवे.

कुडाळ ते मालवण

अंतर तीस किलोमीटरच्या आत, नेरूर-चौकेमार्गे पाऊण ते एक तास. सकाळी स्टेशनबाहेर रिक्षा असतात. चार माणसे आणि चार बॅगा एका रिक्षात मावत नाहीत, दोन कराव्या लागतात, म्हणून कुटुंबाने आदल्या दिवशीच मोठी गाडी सांगून ठेवावी आणि भाडे फोनवर ठरवावे. सामान कमी असेल तर रिक्षाने एसटी स्टँडवर जाऊन मालवणची बस धरता येते. कणकवलीला उतरलात तर कसालमार्गे पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास पडते. तारकर्लीला जायचे असेल तर मालवणपासून आणखी सहा-सात किलोमीटर. देवबागचा रस्ता त्याच्याही पुढे आणि अरुंद आहे, मोठी गाडी असेल तर मुक्कामाच्या जागी आधी विचारा.

गाडी लांबून रात्री अकरानंतर कुडाळला पोचायची वेळ आली तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना स्टेशनवर बोलवू नका. कुडाळात रात्र काढून सकाळी निघालेले बरे.

पावसाळ्यात येणार असाल

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. गाड्यांच्या वेळा बदलतात, वेग कमी केला जातो आणि जोरदार पावसात समोरचे दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरवर आणतात. वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते. मार्ग बहुतांश एकेरी असल्याने एक गाडी लांबली की क्रॉसिंगसाठी थांबलेल्या समोरच्या गाड्याही लांबतात.

दरड कोसळली तर मार्गच बंद होतो. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि गाड्या रखडल्या. अशा वेळी लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे मडगावला वळवतात. ती गाडी कुडाळला जात नाही. वळवल्याची घोषणा ऐकली की लगेच ठरवा: मिरजेला उतरून कोल्हापूरमार्गे रस्त्याने घाट उतरायचा, की गाडीतच न चढता परतावा घ्यायचा. जुलैत येणाऱ्यांनी मालवणातले लग्न किंवा कार्य असेल तर पूर्ण एक दिवस आधीचा मोकळा ठेवावा.

किल्ल्यावर जायचे किंवा स्कूबा करायचे ठरवून येणाऱ्या पाहुण्यांना सांगून ठेवा: २६ मे ते ३१ ऑगस्ट होड्या आणि जलक्रीडा बंद असतात.

परतताना

इथे अंतर दुप्पट ठेवा. येताना गाडी चुकली तर दुसरी मिळते, जाताना विमान चुकले तर तिकीटच बुडते. मध्यरात्रीनंतरचे विमान आहे म्हणून त्याच दिवशीची मांडवी घेऊन रात्री ठाण्याला उतरायचे, असा बेत बरेच जण करतात. गाडी वेळेवर असेल तर तो जमतो, पण एकेरी मार्गावर चार तासांचा उशीर अशक्य नसतो. आदल्या रात्रीच्या कोकणकन्येने किंवा तुतारीने निघा, सकाळी ठाण्याला उतरा, दिवसभर विश्रांती घ्या आणि विमानाच्या तीन तास आधी टर्मिनल २ ला पोचा.

बॅग भरताना कोकमाचे आगळ, लोणचे आणि तूप चेक-इनमध्ये टाका, केबिन बॅगेत ते अडवले जाते. सुके खोबरे विमानात नेऊ देत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मानतात. ते पिशवीभर काढून टाकावे लागण्याऐवजी घरीच ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्यांनी हापूसची पेटी घेऊ नये, ताजा आंबा तिथल्या कस्टम्सवर काढून घेतात. काजू, कोकम सोले आणि सीलबंद मालवणी मसाला सहसा अडत नाही. सुकी मासळी न्यायचीच असेल तर त्या देशाचा नियम आधी बघा, आणि दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधून कपड्यांपासून वेगळ्या बॅगेत ठेवा.